कडीचा तांब्या

माझा भाऊ श्रावणात, एका मंगळवारी वारला. सकाळी तो मोटार चालू करायला विहिरीवर गेला. नऊ वाजता वहिनींनी हाक मारली. उत्तर आलं नाही म्हणून त्या विहिरीकडे गेल्या. साडेदहाला मला कराडला फोन आला. दुपारी मी आटपाडीला पोचलो. संध्याकाळी आम्ही स्मशानातून घरी आलो.

त्यानंतरचे बरेच दिवस मला नीट आठवत नाहीत. माणसं येत होती, चहा होत होता, आणि वडील ओसरीवरच्या कॉटवर बसून येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत होते, एकही शब्द न बदलता. मी कराडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. लग्न केलेलं नाही. मरणाबद्दल मी पुष्कळ वाचलेलं आहे, पण त्यातलं काही त्या दिवसांत कामाला आलं नाही. कामाला आली ती पंपाच्या खोलीतली एक फळी. डाळिंबाच्या बागेचा कुठला कॉक कुठल्या ओळीचा, ते भावाने तिच्यावर खडूने लिहून ठेवलं होतं. ती फळी बघत मी पंधरा दिवस बागेला पाणी दिलं आणि मग कराडला परतलो.

कार्तिक संपत आला तेव्हा वडिलांचा फोन आला. त्यांना आम्ही आबा म्हणतो. ते स्वतःहून कधी फोन करत नाहीत.

"पानी कोन नेनार?" त्यांनी विचारलं.

कुठलं पाणी ते मला विचारावं लागलं नाही.

आमचं मूळ गाव कोयनेच्या खोऱ्यात होतं. धरण झालं आणि गाव पाण्याखाली गेलं. आबा तेव्हा विशीत होते. लोकांना जमिनी मिळाल्या त्या सांगलीच्या पूर्वेला, आटपाडीच्या माळावर; तीच आमची वसाहत. भात लावणारी माणसं बाजरीच्या मुलखात आली. गावाच्या डोक्यावर एक कातळाचा डोंगर होता आणि डोंगरावर भैरोबा. गाव उठायच्या आधी लोकांनी देवाला कौल लावला. देवाच्या दोन्ही खांद्यांना फुलं चिकटवली. उजवं पडलं तर देव आपल्याबरोबर येणार, डावं पडलं तर जागेवर राहणार. डावं पडलं. मग गाव गेलं आणि देव राहिला. पाणी चढत चढत डोंगराच्या कमरेपर्यंत आलं आणि थांबलं. पावसाळ्यानंतर धरण भरलेलं असतं तेव्हा तो डोंगर म्हणजे एक बेट असतं. आमच्या ग्रंथालयात जिल्ह्यावरचं एक मोठं पुस्तक आहे, त्यात त्याचा पानभर फोटो आहे. निळं पाणी, मधे काळा डोंगर, वर पांढरे ढग. खाली फक्त ‘निसर्गरम्य बेट’ एवढंच छापलं आहे. ते पान मी अनेकदा उघडलं आहे. डोंगरावर मात्र कधी गेलो नव्हतो.

देव येत नाही, तर आपलं पाणी त्याच्याकडे न्यायचं, असं लोकांनी ठरवलं. मार्गशीर्षातल्या एका रविवारी घरटी एक तांब्या. माळावर आल्यावर पहिल्या वर्षी सगळ्यांनी मिळून जो आड खणला, त्याच आडाचं पाणी. ते देवाला घालायचं. यात एक अट आहे. आडातून भरलेला तांब्या देवापाशी जाईपर्यंत भुईला टेकवायचा नाही. हातात धरावा, मांडीवर घ्यावा, खुंटीला टांगावा, दुसऱ्याच्या हातात द्यावा. टेकवायचा नाही. ज्या घराचं पाणी पोचत नाही, त्या घराचं पाणी तुटलं असं म्हणतात. शिक्षा काही नाही. फक्त तसं म्हणतात, आणि मग पुढेही म्हणत राहतात.

आमच्या घराचं पाणी कधी तुटलं नव्हतं. आधी आबा आणि चुलते मिळून नेत. चुलते गेले, आबांचे गुडघे गेले, त्याच सुमाराला भाऊ फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन आला आणि त्याने ते काम घेतलं. दरवर्षी तो मला फोन करायचा. "येतूस का रं? दोन मानसं लागत्यात त्याला." मी म्हणायचो, परीक्षा चालू आहेत. परीक्षा खरंच चालू असायच्या. पण मला उंचीची भीती वाटते हेही खरं होतं, आणि ते त्याला माहीत होतं. तो म्हणायचा, "बरं, ऱ्हाऊ दे. नेतो मी."

एखाद्या वर्षी सोमवारी परीक्षा नसायची, तेव्हा दुसऱ्या दिवशी तो परत यायच्या वेळी मी घरी आलेलो असायचो. आबा कॉटवर बसलेले असायचे आणि त्याला एकच प्रश्न विचारायचे.

"टेकलं न्हाई न्हवं?"

"न्हाई," तो म्हणायचा.

"बरं," आबा म्हणायचे.

एवढंच बोलणं. मी तिथेच खुर्चीत पेपर वाचत असायचो.

यंदा आमच्याकडे सण नव्हता. मी आबांना तसं म्हणालो. वर्ष झालेलं नाही, लोक काय म्हणतील. आबा म्हणाले, "पानी म्हंजी काय सण हाय व्हय? त्यानं येवढी वर्सं नेलं. त्यो गेल्याच्या सालीच तुटलं म्हनायचं का?" मग म्हणाले, "तुला जमत नसंल तर सांग. मी कुनाला तरी इचारतो."

मी म्हणालो, नेतो.

शनिवारी मी आटपाडीला गेलो. वहिनींनी तांब्या चिंचेने घासून ठेवला होता. तांब्या जुना, आजोबांच्या वेळचा. त्याच्या गळ्याला पितळेची एक रुंद कडी जोडलेली होती. ती नवी होती. भावाने विट्याला जाऊन बसवून घेतली होती. जीपमध्ये टांगायला असेल, असं मला वाटलं. रविवारी पहाटे मी आंघोळ करून पांढरा झब्बा आणि नाडीचा लेंगा घातला. देवाला जायचं म्हणून. वहिनी आतून एक पट्टा घेऊन आल्या. भावाचा फौजेतला हिरवा, जाड विणीचा, पितळी बकलाचा पट्टा.

"हा घेऊन जावा भावजी."

त्याला त्याच्या घामाचा वास होता. मला तो हातात घेववेना. मला वाटलं, त्यांना त्याची एखादी वस्तू माझ्या अंगावर असावी असं वाटतंय, आणि ते मला त्या सकाळी झेपणार नव्हतं.

"लेंग्याला नाडी आहे वहिनी," मी म्हणालो. "पट्टा कशाला?"

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. पट्टा पुन्हा खुंटीला अडकवला.

आडावर भावाचा मित्र उभा होता. तो वसाहतीतलाच, भावाच्या बरोबरीचा. त्याची जीप आहे आणि दरवर्षी दोघं त्याच जीपने जायचे. मी शिक्षक नाही, पण पुस्तकांशी संबंध असलेल्या कुणालाही तो मास्तर म्हणतो. त्याने आपला तांब्या भरला, तोंडाला ओलं फडकं बांधलं, जुन्या धोतराच्या झोळीत घालून जीपच्या आतल्या हुकाला टांगला. माझाही भरून घेतला.

"तुमचा मांडीवर घ्या मास्तर. हूक येकच हाय."

"मग भाऊ कसा न्यायचा?"

"त्योबी मांडीवरच घ्यायचा. आटपाडी ते बामनोली. लेकराला धरल्यागत."

म्हणजे कडी जीपसाठी नव्हती. तेव्हाच मी विचारायला हवं होतं, कशासाठी आहे म्हणून. पण जीप सुरू झाली, आणि पाणी हिंदकळू नये याकडेच माझं सगळं लक्ष लागलं. विटा येईपर्यंत माझे हात आखडले. तांब्याचा गारवा लेंग्यातून मांडीला लागत होता.

कराड मागे टाकून उंब्रजला आम्ही चहाला थांबलो. हॉटेलवाला गल्ल्यावरून उठून जीपपाशी आला, आत डोकावला आणि म्हणाला, "हवालदार कुटं हायती?"

मित्राने सांगितलं.

त्या माणसाने जीपच्या दाराला धरलं. मग त्याने हात पुसले आणि माझ्यापुढे केले. "द्या हिकडं. तुमी च्या प्या. ते माझ्याच हातात द्यायचे दर साली." मी चहा पिईपर्यंत तो भर गिऱ्हाइकात तांब्या दोन्ही हातांत धरून उभा होता. कुणीतरी आतून भजी मागितली. तो म्हणाला, "थांबा जरा, देवाचं पानी हाय हातात." इथे, महामार्गावरच्या एका हॉटेलात, माझ्या भावाची वर्षातून एकदा वाट बघणारा माणूस होता आणि मी त्याच रस्त्याने वर्षातून कितीदा तरी गेलो होतो.

बामणोलीला पोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. आमच्या वसाहतीतलीच वीसेक माणसं काठावर जमली होती, प्रत्येकाच्या हातात किंवा पाठीला तांब्या. लाँचवाल्याने प्रत्येकाला नारिंगी जाकीट घालायला लावलं. हातातला तांब्या न टेकवता जाकीट घालायचं म्हणजे एकाने दुसऱ्याचा धरायचा, मग दुसऱ्याने पहिल्याचा. त्यात एका म्हाताऱ्याच्या हातात एका वेळी तीन तांबे आले. तो ओरडला, "आरं, मला काय दुकान लावायचंय का?" सगळे हसले. मीही हसलो. श्रावणानंतर पहिल्यांदाच असेल.

पाणी शांत होतं. शेजारून सहलीची एक लाँच गेली, तिच्यातली मुलं आमच्याकडे बघून हात हलवत होती. पाण्याच्या कडेने डोंगरांना तांबड्या मातीचा उघडा पट्टा दिसत होता, धरण उतरायला लागलं की दिसतो तसा. मधेच मित्राने खाली बोट दाखवलं. "हितं आपलं गाव." सगळ्यांनी कपाळाला हात लावला. मीही लावला. खाली फक्त हिरवट पाणी होतं. मग वळण घेतल्यावर तो डोंगर समोर आला.

पुस्तकातल्या फोटोत तो लहान दिसतो. फोटो बहुतेक लांबून काढला असावा. जवळून तो सरळ पाण्यातून उभा राहिला होता. काळा कातळ, त्याच्या भेगांतून वाळलेलं पिवळं गवत, वर कारवीची झुडपं, आणि फार वर एका ठिकाणी भगवा ठिपका. पूर्वी गावातून सोपी पाऊलवाट होती. म्हाताऱ्या बायका डोक्यावर टोपली घेऊन जायच्या, असं आबा सांगतात. ती बाजू सगळी पाण्याखाली गेली. उरलं ते कातळाचं अंग.

लाँचमधून उतरताना एकाने तांब्या घेतला, एकाने हात दिला. पहिला चढ मातीचा होता. मी उजव्या हातात तांब्या आणि डाव्या हाताने झुडपं धरत चढलो. मित्र माझ्या पुढे होता. त्याने झोळी पाठीला बांधली होती, त्यामुळे दोन्ही हात मोकळे. बाकीची माणसं पुढे निघून गेली होती. वर्षानुवर्षं येणारी ती माणसं, कुठे पाय ठेवायचा हे त्यांच्या पायांना माहीत होतं. मी मागे पाहायचं नाही असं ठरवलं होतं. पण वळणावर मागे न पाहताही खालचं पाणी दिसत होतं. डोळ्यांच्या कोपऱ्यात ते सारखं चमकत होतं.

अर्ध्यावर एक उंबर आहे. कातळाच्या भेगेतून आडवा वाढलेला. त्याच्या खाली छातीएवढ्या उंचीचा टप्पा आहे. वर चढायचं तर दोन्ही हात वर टाकून उंबराचं मूळ धरायचं आणि अंग उचलायचं. मित्र सहज वर गेला आणि पुढे चालू लागला. मी टप्प्यासमोर उभा राहिलो. पायाखालचा दगड उतरता होता, त्यावर वाळलेलं गवत. मी एका हाताने मूळ धरून बघितलं. अंग उचलेना. दुसऱ्यांदा जोर केला तेव्हा पायाखालचं गवत सरकलं.

पाय किती घसरला ते मला सांगता येणार नाही. वीतभर असेल. पण तेवढ्यात मला खालचं सगळं पाणी दिसलं, आणि मी दोन्ही हातांनी कातळ धरला. तो धरण्याआधी तांब्या मी समोरच्या टप्प्यावर ठेवला होता. पडला नाही, सांडला नाही. ठेवला होता. तांब्याच्या बुडाचा दगडावर आवाज झाला आणि तो मी ऐकला.

मित्र वरून परत आला. तो टप्प्याच्या कडेला उकिडवा बसला आणि माझ्याकडे आणि तांब्याकडे बघू लागला.

"टेकला?"

"टेकला."

"पट्टा कुटाय?"

"कसला पट्टा?"

"आवं मास्तर, त्या तांब्याला कडी कशापायी हाय? नक्षी म्हनून?"

मला काय ते कळायला लागलं होतं.

"पैल्या साली हितंच बसला त्यो," मित्र सांगू लागला. "ह्याच दगडावर. मी मागं ऱ्हायलो हुतो, लाँच बांधत. आर्धा तास तांब्या हातात धरून बसला, कुनीतरी वरनं हात दील म्हनून. मी आल्यावर मी घेतला. खाली उतरल्यावर म्हनला, दर साली तुला माझ्यासाठी थांबाय लावनार न्हाई. दुसऱ्या साली ही कडी बसवून आला. कडीतनं पट्टा घालायचा, कमरंला आवळायचा, तांब्या पाठीशी. दोन्ही हात मोकळं. फौजी डोस्कं." तो जरा हसला. "मला वाटलं तुमाला म्हाईत आसंल. घरात येवढी बुकं वाचता."

वहिनींच्या हातातला पट्टा मला दिसत होता. मी त्यांना लेंग्याच्या नाडीचं सांगितलं होतं.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

त्याने आजूबाजूला पाहिलं. उंबर, कातळ आणि खाली पाणी. "मी काय बघितलं न्हाई," तो म्हणाला. "तुमी बी काय बोलू नका. वर गुरव इचारतोय, टेकलं का म्हनून. न्हाई म्हनायचं. लय काय न्हाई त्यात. द्या हिकडं."

त्याने वाकून हात पुढे केला. मी तांब्या उचलून त्याच्या हातात दिला. मग मूळ धरून अंग उचललं. दोन्ही हात मोकळे असल्यावर ते तितकंसं अवघड नव्हतं. वर गेल्यावर त्याने तांब्या परत माझ्या हातात दिला. पुढच्या दोन टप्प्यांवरही तसंच केलं. तो वर, मी खाली, तांब्या एका हातातून दुसऱ्या हातात. दोन माणसं लागतात, असं भाऊ दरवर्षी मला फोनवर सांगायचा. मी ते ऐकायचो. त्याचा अर्थ एवढा साधा असेल असं मला वाटलं नव्हतं.

माथा सपाट आहे. देवळाला छप्पर नाही, दगडी चौथरा आहे, तीन पायऱ्या आणि वर शेंदराचा भैरोबा. तिथून चारही दिशांना पाणी दिसतं. वारा होता. मला वाटलं होतं तेवढी भीती वाटली नाही. माणसं रांगेत उभी होती. आमच्या वसाहतीतलाच गुरव, सत्तरीचा, चौथऱ्यावर बसून एकेकाचा तांब्या हातात घ्यायचा, विचारायचा, "टेकलं?" आणि समोरचा म्हणायचा, "न्हाई." मग तो पाणी देवावर ओतायचा. प्रश्न आणि उत्तर दोन्ही एका लयीत चालली होती, दळणासारखी.

रांगेत मी नवव्या का दहाव्या जागेवर होतो. मित्र माझ्या पुढे. त्याने आपलं पाणी दिलं, पायऱ्या उतरताना माझ्याकडे पाहिलं आणि डोळ्यांनीच सांगितलं. मी तयार होतो. नाही म्हणायला एकच शब्द लागतो. आबा घरी वाट बघत होते आणि मला त्यांना सांगायचं होतं की पाणी पोचलं, तुटलं नाही.

गुरवाने माझा तांब्या हातात घेतला आणि तो थांबला. कडीवर अंगठा फिरवला.

"हवालदाराचा," तो म्हणाला. "ह्या साली तुमी आलाय व्हय? ह्यो तांब्या मला कवाबी कळायचा. समद्यांचा हातात न्हाईतर झोळीत, गार; ह्योच तेवढा कोमट. त्याच्या पाठीची ऊब ऱ्हायची त्याला." मग त्याने विचारलं, "टेकलं?"

तांब्या गार होता.

"टेकलं," मी म्हणालो.

मागे कुणीतरी बोलायचं थांबलं. ज्याच्या हातात तीन तांबे आले होते तो म्हातारा पुढे झाला आणि गुरवाला म्हणाला, "आरं, ह्या सालाला ऱ्हाऊ दे की. घरात गेलंय त्यांच्या."

गुरवाने मान हलवली. रागाने नाही. "गेलंय म्हनून तर," तो म्हणाला. "त्यानं कवा टेकवलं न्हाई, त्याच्या तांब्यानं मी खोटं घालू?" त्याने तांब्या माझ्या हातात परत दिला. "टेकल्यालं पानी पायरीला घालत्यात. घाला. तिन्ही पायऱ्यांना घाला."

मी घातलं. वरच्या पायरीवरून पाणी मधल्या पायरीवर आलं, तिथून खालच्या, आणि मग कातळावरून थोडं पुढे जाऊन उन्हात सुकलं. आटपाडीच्या आडाचं पाणी, पाचेक तास मांडीवर आणि हातात सांभाळलेलं. गुरवाने मला अंगारा लावला, बाकीच्यांना लावला तसाच. उतरताना मित्र माझ्याशी बोलला नाही. उंबराच्या टप्प्यावर मात्र आधी खाली उतरून माझा पाय कुठे ठेवायचा ते हाताने धरून दाखवलं. लाँचमध्ये बसल्यावर म्हणाला, "मला जमलं नसतं." ते कशाबद्दल, हे त्याने सांगितलं नाही.

परत येताना जुन्या गावावर लाँच थांबते आणि सगळे आपापल्या तांब्यात तिथलं पाणी भरून घेतात. म्हाताऱ्या माणसांसाठी. ते टेकवलं तरी चालतं. मुक्काम साताऱ्याला मित्राच्या बहिणीकडे झाला आणि दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला आम्ही वसाहतीत पोचलो.

आबा उन्हात कॉटवर बसले होते. मी तांब्या त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी पाण्यात बोटं बुडवून डोळ्यांना लावली, एक घोट घेतला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "टेकलं न्हाई न्हवं?"

"टेकलं, आबा."

वहिनी दारात उभ्या होत्या.

"कुटं?"

"उंबराच्या खालच्या टप्प्याला."

"हं." त्यांनी मान डोलावली. "तितं मी खाली ऱ्हायचो, तुझा चुलता वर. दोघांबिगर तितं हुतच न्हाई." मग ते अंगणाकडे बघू लागले. "तुझ्या भावाला मी दर साली इचारायचो. त्यो न्हाई म्हनायचा. मला ठावं हुतं, आपला तांब्या झोळीत घालत न्हाईत, हातानंच नेत्यात; येकट्याला जमायचं न्हाई. टेकवत आसंल, म्हनलं. बापाला बरं वाटावं म्हनून न्हाई म्हनत आसंल. मीबी बरं म्हनायचो."

मी आत गेलो आणि खुंटीवरचा पट्टा घेऊन आलो. या वेळी हातात घेववला. तांब्यातलं पाणी वहिनींनी पातेल्यात काढलं. मी पट्टा कडीतून ओवला, माझ्या कमरेला बांधला आणि आबांकडे पाठ केली. पट्टा मला सैल होत होता, तांब्या खाली घसरत होता. वहिनींनी मागून तो हाताने वर धरला.

"आसा न्यायचे," त्या म्हणाल्या. "मी सांगायला पायजे हुतं. मला वाटलं, भावजींना ठावं हाय."

आबांचा हात कडीवर आला. मग पट्ट्यावर, मग पुन्हा कडीवर. माझी पाठ त्यांच्याकडे होती, त्यामुळे त्यांचा चेहरा मला दिसला नाही. त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"म्हंजी टेकवत नव्हता," ते म्हणाले.

"नव्हता."

"येवढी वर्सं मी त्याला लबाड समजलो."

मी वळलो नाही. वहिनी म्हणाल्या, "आबा, ते कवा मनाला लावून घ्यायचे न्हाईत."

थोड्या वेळाने आबांनी विचारलं, आणि आता आवाज नेहमीसारखा होता, "गुरवानं काय केलं पान्याचं?"

"पायरीला घालायला लावलं. तिन्ही पायऱ्यांना."

"मग पायरीपातूर गेलं की," आबा म्हणाले. "तुटलं कुटं? जा, त्या पट्ट्याला भोक पाडून आन. आसा ढिला बांधून न्यायचा न्हाई."

दुपारी मी बाजारात गेलो. चांभाराने पट्टा माझ्या कमरेला लावून बघितला आणि आरीने भोक पाडलं, भावाच्या भोकापासून चार बोटं आत.

आज मी कराडला आहे. तांब्या आटपाडीला फडताळात आहे, वडील कॉटवर आहेत, बागेचे कॉक वहिनी फिरवतात. फळीवरचा खडू पुसट झाला म्हणून त्यांनी त्यावरून ऑइलपेंटने गिरवलं आहे. पट्टा खुंटीला आहे. त्याला एक भोक जास्त आहे.